खाली दुकान, वर खोली: गिरणगावाची गोष्ट आणि आपलं लांजा

आजच्या भागात राजे नाहीत, लढाया नाहीत. आजची गोष्ट आहे भाड्याच्या खोलीची.

माझे आजोबा लांजा तालुक्यातून मुंबईला गेले ते गिरणीत कामाला. पहिल्या रात्री झोपले कुठे? गावाच्या खोलीत. लालबाग-परळच्या चाळींमध्ये कोकणातल्या कितीतरी गावांच्या अशा खोल्या होत्या. गावकऱ्यांनी मिळून भाड्याने घेतलेल्या. भिंतीला ट्रंका लावलेल्या आणि झोपायचं पाळीप्रमाणे. दिवसपाळीवाला उठून गेला की त्याच जागेवर रात्रपाळीवाला पथारी टाकणार. भाडं सगळ्यांत वाटलं जायचं, म्हणून परवडायचं.

आता चाळीच्या तळमजल्याकडे बघा. तिथे वाणी, न्हावी, चहावाला. शेजारी खानावळ, आणि भोंगा ऐकू येईल इतक्या अंतरावर गिरणी. आज प्लॅनर लोक ज्याला ‘मिक्स्ड-यूज’ म्हणतात, ते गिरणगाव शंभर वर्षांपूर्वी जगत होतं. सुखाचं होतं असं मी म्हणणार नाही. नळावर भांडणं, संडासाला रांग, हवा नाही. पण खोली रिकामी राहत नव्हती.

याच्या अगदी उलटी गोष्ट सरकारी चाळींची. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि गर्दीच्या वस्त्यांचा प्रश्न ऐरणीवर आला. पुढे १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजे बीडीडी, सुरू झालं. गव्हर्नर होते जॉर्ज लॉइड. ठरवलं होतं ५०,००० खोल्या बांधायचं. झाल्या साधारण १६,०००. वरळी, नायगाव, शिवडी आणि आजचा ना. म. जोशी मार्ग इथे मिळून २०७ इमारती, १६० चौरस फुटांच्या खोल्या. पक्कं सिमेंट काँक्रीट!

आणि झालं काय? १९२०च्या दशकात त्यातल्या बऱ्याच खोल्या रिकाम्या पडल्या. वरळी गिरण्यांपासून लांब आणि भाडं कामगाराला जड. १९३०च्या सविनय कायदेभंगात तर वरळीच्या चाळींचा सरकारने तुरुंग म्हणून वापर केला. राहायला माणूस मिळेना, म्हणून कैदी ठेवले! पुढे शहर वाढलं तेव्हा या चाळी भरल्या, ती गोष्ट वेगळी.

यात एक बारीक मुद्दा आहे. या योजनेसाठी सरकारने मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर १ रुपया कर बसवला होता. म्हणजे गरीब माणसाच्या भाड्यातून बांधकामाचा खर्च निघत नाही, तो दुसरीकडून भरून काढावा लागतो, हे तेव्हाही माहीत होतं.

आता तिसरा धडा. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकली. त्या काळात भाडेकरूला या आधाराची गरज होतीच. पण वर्षानुवर्षं भाडं तिथेच राहिलं. मालकाने दुरुस्ती सोडली, पागडी वाढली आणि भाड्यासाठी नवीन चाळ बांधायला कोणी पुढे येईना. वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा मिळाली ती थेट १९९९ च्या कायद्याने. आज बीडीडी चाळी पाडून तिथल्या रहिवाशांना मालकीची घरं मिळताहेत. चांगलंच आहे. पण आज नवीन आलेल्या पोराने स्वस्त खोली शोधायची कुठे?

हाच प्रश्न आता लांज्याचाही आहे. तालुक्याचं गाव, मुंबई-गोवा महामार्गावर. इथे बदलीवर शिक्षक येतात, नर्स येतात, बँकेतले लोक येतात, शिवाय दुकानांत काम करणारी आसपासच्या गावांतली मुलं-मुली. माझी एक मैत्रीण इथे नोकरीला लागली. तीन महिने खोली शोधली, शेवटी रत्नागिरीहून रोज एसटीने ये-जा करू लागली. गंमत म्हणजे नवीन इमारतींत खाली गाळे आहेत, वर फ्लॅट आहेत. पण फ्लॅट विकायचे असतात. बरेच विकलेही गेलेत आणि वर्षभर कुलूपबंद आहेत, कारण मालक मुंबईत.

समजा अशा एका इमारतीत एक मजला फक्त भाड्याच्या छोट्या खोल्यांसाठी ठेवला. स्टँडपासून चालत जाता येईल अशा जागी. कापसाच्या गाठीने जे काम केलं ते इथे खालच्या गाळ्यांच्या भाड्याने करायचं. करार लेखी आणि नोंदवलेला, दरवर्षीची वाढ आधीच ठरलेली. म्हणजे मालकाला धास्ती नाही आणि भाडेकरूलाही उद्या बाहेर काढतील याची भीती नाही. बिल्डर हे आपणहून करेलच असं नाही. नकाशा मंजूर होतानाच नगरपंचायतीने ते मागायला हवं, आणि नगरपंचायतीकडे आपण.

आमच्या आजोबांना परक्या शहरात गावाने खोली दिली. आता परकी माणसं आपल्या गावात कामाला येताहेत. त्यांना खोली देण्याची पाळी आपली.

तुमच्या घरातलं कोण अशा गावाच्या खोलीत राहिलं होतं? आज घरी विचारा आणि मला व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!