महोगनीचे कुळ आणि मिरजेचा तंबोरा

वाद्यांचा इतिहास म्हणून आपण जे लिहितो तो बहुधा वादकांचा इतिहास असतो. ज्याने वाद्य घडविले त्याचे नाव क्वचितच उरते. आणि ज्या लाकडातून ते घडले त्याची तर कोणी चौकशीही करीत नाही. प्रस्तुत लेखात दोन दूरच्या प्रदेशांतील वाद्ये शेजारी ठेवून पाहावयाची आहेत. एक, अमेरिकेतील महोगनीची लहान अंगाची गिटार. दुसरे, मिरजेचा तंबोरा. दोहोंचे लाकूड एका कुळातले आहे, आणि दोहोंच्या जन्मकथेत एकच प्रश्न उभा राहतो : वाद्य घडविण्याचा अधिकार कोणाचा?

जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात मार्कनॉयकिर्खेन हे वाद्यनिर्मितीचे जुने गाव आहे. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात व्हायोलिन घडविणाऱ्यांचा संघ आणि सुतारांचा संघ यांच्यात मोठा वाद माजला होता. कपाटे आणि मेजे करणाऱ्या सुतारांनी गिटारी घडवू नयेत, तो हक्क आमचा, असे व्हायोलिनवाल्यांचे म्हणणे होते. सुतारसंघाशी संबंध असलेल्या घराण्यातील ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन हा कारागीर अशा वातावरणातून निघून १८३३ साली न्यूयॉर्कला गेला, व काही वर्षांनी पेनसिल्व्हेनियातील नाझरेथ या गावी स्थिरावला. त्याच्या वंशजांच्या कारखान्यातून १९२२ साली एक अगदी साधी गिटार बाहेर पडली. अंग लहान, अलंकरण नाममात्र. पाठ आणि बाजूच नव्हे, तर तोंडावरची फळीही नेहमीच्या स्प्रूसऐवजी महोगनीची. आणि तारा आतड्याच्या तातीच्या नसून पोलादाच्या. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्को येथील प्रदर्शनानंतर अमेरिकेत हवाई बेटांच्या संगीताची लाट उसळली होती, आणि त्या वादनास पोलादी तार हवी होती. शिसवी गिटार ज्याला परवडत नव्हती, त्याच्या हाती हे वाद्य आले. अशा जुन्या गिटारी आज संग्राहक शोधीत फिरतात. गरिबाचे वाद्य कालांतराने श्रीमंताच्या संग्रहात जाते, हा अनुभव केवळ तिकडचा नाही.

महोगनी हे नाव आपणांस परके वाटते. पण तिचे आप्त आपल्या अंगणात उभे आहेत. कडुनिंब, बकाण निंब, तून आणि महोगनी हे सर्व वृक्ष मेलिएसी या एकाच वनस्पतिकुळातले होत. त्यांतील तुनीला व्यापारात ‘भारतीय महोगनी’ असेही म्हटले जाते. लाकूड तांबूस, वजनाला हलके, हत्याराला वश होणारे. मिरजेच्या कारागिरांनी तंबोरे आणि सतारी यांसाठी हेच लाकूड पसंत केले. म्हणजे एका कुळातील दोन लाकडांची निवड दोन देशांतील कारागिरांनी परस्परांची वार्ताही नसताना केली.

मिरजेची कथा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सुरू होते. शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार व झिलई देणारे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, आणि तलवारीला धार लावणाऱ्या हातांना काम उरेना. पटवर्धनांच्या मिरज संस्थानात गवयी-वादकांची ये-जा असे, त्यांची वाद्ये मोडत, आणि दुरुस्तीला माणूस मिळत नसे. या गरजेतून फरीदसाहेब शिकलगार व त्यांचे बंधू यांनी वाद्यांचे काम हाती घेतले, असे परंपरा सांगते. सॅक्सनीत सुताराचा वाद्यावरील अधिकार नाकारला जात होता. मिरजेत लोहाराच्या जातीचे काम करणाऱ्यांना दरबारानेच तो अधिकार दिला.

या कामाचे स्वरूप थोडे पाहण्याजोगे आहे. पंढरपूर-मंगळवेढ्याकडील शेतांतले कडू भोपळे सुकवून आणावयाचे, योग्य आकाराचा भोपळा कापून त्यावर तुनीची तबली बसवावयाची, वर पोकळ दांडी जोडावयाची, खुंट्या व मणी लावावयाचे. परंतु खरी परीक्षा शेवटी असते. घोडीचा पृष्ठभाग किंचित उतरता घासून, तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी काढावी लागते. रेसभर अधिक घासले तर नाद बोथट होतो, कमी घासले तर उघडत नाही. येथे मोजपट्टी चालत नाही, कानच प्रमाण मानावा लागतो. पिढ्यान्‌पिढ्या धारेची पारख केलेल्या हाताला ही सूक्ष्मता साधली, यात नवल वाटावयास नको.

भोपाळ, इंदूर, ग्वाल्हेरकडील मराठी वाचकांना या कथेत आणखी एक धागा आपला वाटेल. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांनी धारला देवजीबुवांकडे व ग्वाल्हेरीस वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे विद्या मिळवली, आणि ती गायकी दक्षिणेत आणली. मिरजेत त्यांच्यापाशी विष्णु दिगंबर पलुस्कर शिकले, आणि १९०१ साली त्यांनी लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. पुढे अब्दुल करीम खाँसाहेबांनी मिरजेस घर केले. ते १९३७ साली निवर्तले, आणि मिरजेच्या दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी संगीतसभा भरते. गळा माळव्या-ग्वाल्हेराकडून आला आणि आधारस्वर मिरजेने दिला, असे म्हणावयास हरकत नाही.

आज विजेवर चालणारा तंबोरा खिशात मावतो, आणि जवारी काढणारे हात कमी होत आहेत. दुसरीकडे अमेरिकी महोगनीची तोड इतकी झाली की, २००३ पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु मानांकन नावाचे रक्षण करते, हाताचे नाही. हात टिकावयाचा तर ज्या विद्यालयांतून गाणे शिकविले जाते, तेथे तंबोरा जुळविणेही शिकविले गेले पाहिजे. ज्या विद्यार्थ्याने स्वतः सुताचा धागा सरकवून नाद उघडताना ऐकला आहे, तोच पुढे कारागिराच्या दाराशी जाईल.