लुगडे (नऊवारी)
महाराष्ट्रातील स्त्रियांचे पारंपरिक वस्त्र. लांबी 9 वार, म्हणजे सुमारे 8.2 मीटर. ते परकराविना नेसतात. कमरेशी गाठ मारून निऱ्या घालायच्या आणि मधला भाग पायांतून मागे नेऊन खोचायचा, हा काष्टा. लावणीला वा शेतातल्या कामाला पाय मोकळे राहतात ते त्यामुळेच. लग्नविधीत वधूला पिवळी अष्टपुत्री, मिरवायला पैठणी किंवा शालू. संक्रांतीला काळी चंद्रकळा. एरवी सणासुदीला टाळलेला काळा रंग त्या दिवशी मानाचा. रोजच्या नेसण्यात इरकल, मूळ कर्नाटकातील इलकलचे; अंग सुती, पदर तांबड्या रेशमाचा. हल्ली शिवलेली नऊवारी मिळते. ती झटपट चढते, पण हाताने नेसलेल्या लुगड्यासारखी चापूनचोपून बसत नाही.