सायकल, तिचा धातु आणि तिचा धनी

इ. स. १८८८ सालीं बेळगांवांत सायकलींचें एक लहानसें दुकान निघालें. तें काढणारे दोघे बंधू किर्लोस्कर घराण्यांतले. धाकटे लक्ष्मणराव यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगांव जिल्ह्यांतील गुर्लहोसूर येथला. चित्रकार होण्याच्या इच्छेनें ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत दाखल झाले होते; परंतु कांहीं रंग आपल्या डोळ्यांना नीट ओळखूं येत नाहींत असें ध्यानांत आल्यावर त्यांनीं रंगांचा नाद सोडला आणि यंत्रांच्या रेखाटनाकडे मोर्चा वळविला. पुढें व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें ते हाच विषय शिकवूं लागले. यंत्रांच्या सहवासांत राहणाऱ्या या तरुणास सायकलीची मोहिनी पडली यांत नवल नाहीं. नवल आहे तें पुढच्या गोष्टींत. मुंबईहून सायकली धाडावयाच्या व बेळगांवांत बंधू रामूअण्णा यांनीं त्या विकावयाच्या, एवढ्यावर हे दोघे थांबले नाहींत. गिऱ्हाइकास सायकलीवर बसावयास शिकविण्याचें आणि ती बिघडल्यास दुरुस्त करून देण्याचें कामही दुकानानें अंगावर घेतलें.

यांतली दूरदृष्टि लक्षांत येण्यास त्या काळच्या वाहनांचा विचार केला पाहिजे. ज्याच्या दारीं घोडा असे त्याच्या पदरीं मोतद्दारही असे. ज्याची गाडी, त्याचा गाडीवान. वाहनाचा धनी निराळा आणि त्याची निगा राखणारा निराळा, अशी ही पिढ्यान् पिढ्यांची वहिवाट. सायकलीनें ती मोडली. पांढरपेशा माणसाच्या हातीं आलेलें हें असें पहिलें वाहन, कीं ज्याला मोतद्दार नाहीं. घोडा लंगडूं लागला तर निदान दिसतो. सायकलीचा कोन ढिला झाला कीं ती नुसती कुरकुरते, आणि ती कुरकुर ऐकण्याचा कान धन्यालाच तयार करावा लागतो. किर्लोस्कर बंधूंनीं सायकलीबरोबर हा कानही विकला, असें म्हटलें तर वावगें होणार नाहीं.

लक्ष्मणरावांचें पुढलें चरित्र मराठी वाचकास ठाऊक आहे. बढतीच्या वेळीं आपल्याला डावलून ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थास दिली गेली, तेव्हां त्यांनीं नोकरी सोडली व बेळगांव गांठलें. कडबा कापण्याचीं यंत्रें आलीं, १९०३ सालीं लोखंडी नांगर आला, आणि १९१० सालीं औंध संस्थानच्या अधिपतींनीं दिलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. इतिहासकार नांगरापासून आरंभ करतात. परंतु छर्रे मोजून बसवितांना आणि चाकाचा आऊट काढतांना हाताला जी शिस्त लागते, ती नांगराच्या आधीं लागलेली होती, हें विसरूं नये.

आतां या दुकानाच्या आसपासचीं सालें पाहावींत. १८८५ त इंग्लंडांतील कॉव्हेंट्री येथें जॉन केम्प स्टार्ले यानें दोन सारख्या चाकांची व मागचें चाक साखळीनें फिरविणारी ‘रोव्हर’ सायकल बाजारांत आणली; आजच्या सायकलीची ही आजी. १८८८ त बेलफास्टच्या डनलॉप नांवाच्या पशुवैद्यानें हवा भरलेल्या रबरी टायरचें पेटंट घेतलें. आणि या दोहोंच्या मध्यें, १८८६ त, अमेरिकेंत चार्ल्स हॉल व फ्रान्समध्यें पॉल एरू या दोन तरुणांनीं एकमेकांस न ओळखतां ॲल्युमिनियम हा धातु विजेच्या साहाय्यानें स्वस्तांत वेगळा करण्याची एकच युक्ति शोधून काढली. दोघांचा जन्म १८६३ चा आणि मृत्यु १९१४ चा. योगायोगाला तरी किती हौस असावी!

त्यापूर्वीं हा धातु जवाहिऱ्यांच्या पेढीवर शोभे. १८८४ त वॉशिंग्टनच्या स्मारकस्तंभावर बसविलेलें ॲल्युमिनियमचें टोंक आधीं न्यूयॉर्कच्या टिफनी या जवाहिऱ्याच्या दुकानांत लोकांना दाखविण्यासाठीं ठेवलें होतें. हॉल व एरू यांच्या युक्तीनंतर तो भराभर स्वस्त झाला, आणि १८९८ त मद्रासेस आल्फ्रेड चॅटर्टन यांनीं त्याचीं भांडीं करवून घेण्यास आरंभही केला. त्याचें खनिज बॉक्साइट. तें कोल्हापूरच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या पठारांवर सांपडतें. ज्या बेळगांवांत सायकलीचें दुकान निघालें, त्याच बेळगांवीं एकोणिसशें सत्तरच्या सुमारास बॉक्साइटपासून ॲल्युमिना काढण्याचा मोठा कारखाना उभा राहिला.

तेव्हां हलकें वाहन आणि हलका धातु हीं दोन्ही एकाच काळीं जन्मलीं. मग त्यांची गांठ पडावयास जवळजवळ नव्वद वर्षें कां लागावीं?

प्रयत्न झाले नाहींत असें नाहीं. १८९० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील सेंट लुईस येथें ॲल्युमिनियमचा अखंड ओतीव सांगाडा असलेल्या सायकली निघाल्या होत्या. पण त्या टिकल्या नाहींत. ॲल्युमिनियमचें वजन पोलादाच्या सुमारें एक तृतीयांश. हा त्याचा गुण सर्वांना दिसतो. परंतु त्याचा ताठपणाही एक तृतीयांशच असतो, हें मागाहून कळतें. पोलादाच्या नळीच्या जागीं त्याच मापाची ॲल्युमिनियमची नळी घातली कीं सायकल पायाखालीं लवूं लागते. दुसरी अडचण सांध्यांची. या धातूवर हवेचा स्पर्श होतांच एक अतिशय पातळ पण चिवट थर धरतो. धातु ६६० अंशांवर वितळतो, आणि त्यावरचा हा थर २००० अंशांपर्यंतही दाद देत नाहीं. मग जोड बसावा कसा? तिसरी अडचण सर्वांत गूढ. पोलादावर ठराविक मर्यादेच्या आंतला ताण लाखों वेळां पडला तरी तें थकत नाहीं. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाहीं. लहान ताणही पुरेसे वेळां आला कीं त्याचा हिशेब कोठेंतरी मांडला जातो.

या अडचणी सुटल्या त्या विमानांमुळें. जर्मनींत आल्फ्रेड विल्म यांना १९०६ च्या सुमारास आढळलें कीं तांब्याचा अंश घातलेलें ॲल्युमिनियम तापवून पाण्यांत बुडविलें व तसेंच पडूं दिलें, तर कांहीं दिवसांत तें आपोआप कठीण होतें. पुढें दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत निष्क्रिय वायूच्या आवरणाखालीं विजेनें सांधा जोडण्याची रीत निघाली आणि त्या चिवट थराचा अडसर गेला. इटलींत १९७० नंतर नळ्यांना आटे पाडून व डिंकासारख्या रसायनानें चिकटवून सांगाडे होऊं लागले. पण खरी गुरुकिल्ली सांपडली ती अमेरिकेंत, मॅसॅच्युसेट्स तंत्रशाळेंतील गॅरी क्लाइन या विद्यार्थ्याच्या प्रकल्पांतून. नळी जाड करण्याऐवजीं रुंद करावी, हें त्यांतलें तत्त्व. नळीचा व्यास दुप्पट केला आणि पत्रा निम्म्यानें पातळ केला तर वजन तेंच राहतें, आणि ताठपणा मात्र चौपट होतो. आजची ॲल्युमिनियमची सायकल पाहतांच डोळ्यांत भरणारी तिची गुबगुबीत नळी ही सजावट नव्हे. ती त्या धातूच्या दुबळेपणावरची तोड आहे. १९८३ त कॅननडेल कंपनीनें अशा सायकली बाजारांत आणल्या, आणि १९९८ त मार्को पंतानी यानें ॲल्युमिनियमच्या बियांकीवर तूर द फ्रान्स ही शर्यत जिंकली. त्यानंतर मात्र मोठ्या शर्यतींतून कार्बनच्या धाग्यांनीं या धातूस बाहेर काढलें. शर्यतींतून बाहेर पडला म्हणूनच तो मध्यम मिळकतीच्या घरांत येऊं शकला. त्याबद्दल खंत बाळगण्याचें कारण नाहीं.

महाराष्ट्रांत या सगळ्या काळांत राज्य होतें तें पोलादाचें. राले, हर्क्युलिस, बी. एस. ए. हीं नांवें घरोघरीं होतीं. पुणें तर सायकलींचें शहर म्हणूनच ओळखलें जाई, आणि तासाच्या भाड्यानें सायकल मिळण्याचें ठिकाण प्रत्येक पेठेंत असे. तेथला कारागीर वांकलेला सांगाडा ठोकून सरळ करी, तुटलेला सांधा झाळून देई आणि नट किती आंवळावा हें मनगटानें ठरवी. पोलाद हा क्षमाशील धातु. चूक झाली तर तो वांकतो आणि पुन्हां सरळ होतो. दोन पिढ्यांची कारागिरी या क्षमेवर उभी राहिली. ॲल्युमिनियमच्या ठायीं ही क्षमा नाहीं.

हा फरक कोठें प्रत्ययास येतो तें पाहावयाचें तर नंदुरबार जिल्ह्याचा मुलूख घ्यावा. १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यांतून वेगळा झालेला हा जिल्हा. दक्षिणेस तापीकांठची सपाट काळी जमीन, उत्तरेस सातपुडा. शहाद्याकडून निघालेला सायकलस्वार कांहीं वेळ अगदीं सपाटीनें जातो, आणि मग तोरणमाळाची चढण लागते. सात पायरीचा घाट वळणावर वळण घेत सुमारें हजार मीटर वर नेतो. याच पट्ट्याच्या दक्षिणेस असलेल्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनीं २०१५ सालीं अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सुमारें तीन हजार मैलांची शर्यत दोघांच्या संघानें पुरी केली. ती पुरी करणारे ते पहिले भारतीय. तेव्हांपासून उत्तर महाराष्ट्रांतल्या घरांत अशा शर्यती सायकलींविषयीं कुतूहल वाढलें. सायकली आल्या, त्यांची जुळणी शिकविणारे रामूअण्णा मात्र थोडे.

घाटांत पहिली परीक्षा गिअरची. खटक्यागणिक साखळी एकेका दांत्याच्या चकतीवर नेमकी जाऊन बसण्याची योजना १९८४ पासून रूढ झाली. ती सारी एका तारेच्या ताणावर चालते. नवी तार पहिल्या कांहीं आठवड्यांत सैल पडते आणि चढावर साखळी खडखडूं लागते. पुष्कळ लोक येथेंच सायकलीला नांवें ठेवून ती सज्जांत उभी करतात. वास्तविक तारेच्या मुळाशीं असलेली लहान फिरकी पाव फेरा फिरविली कीं बहुधा काम भागतें. तेवढ्यानेंही न भागल्यास मागचा गिअर ज्या लहान पट्टीला टांगलेला असतो ती वांकली आहे काय, तें पाहावें. ही पट्टी मुद्दाम सुटी ठेवलेली असते, म्हणजे सायकल आपटली तर सांगाड्याऐवजीं ती वांकावी. तिची एक जोडी नेहमीं घरीं ठेवावी. ठोकून सरळ करण्याच्या फंदांत पडूं नये.

दुसरी गोष्ट पान्ह्याची. हँडल धरून ठेवणारे बोल्ट साधारण पांच न्यूटन-मीटर एवढेच आंवळावयाचे असतात. दहा सेंटिमीटर लांबीच्या पान्ह्याच्या टोंकाला पांच किलो वजन टांगावें, इतका तो जोर. पोलादाची संवय झालेलें मनगट नकळत याच्या दुप्पट जोर लावतें, आणि मऊ धातूंतले आटे निघून येतात. मोजून आंवळणारा पान्हा आतां सहज मिळतो. महागडें चाक घेण्यापूर्वीं तो घ्यावा. बसण्याच्या दांड्याला व पोलादी बोल्टांना वर्षांतून एकदां ग्रीस लावावें. दोन भिन्न धातु, आणि त्यांत घामाचें व पावसाचें खारें पाणी, म्हणजे लहानशी विजेची बॅटरीच. ती आंतल्या आंत धातु खाते आणि दांडा असा धरून बसते कीं करवतीशिवाय निघत नाहीं.

ॲल्युमिनियमची सायकल अंगावर आदळते, अशी तक्रार सर्वत्र ऐकूं येते. तींत तथ्य आहे, पण थोडेंच. सांगाड्यापेक्षां टायर कितीतरी पट अधिक लवतो. म्हणून दगडासारखी हवा भरण्याची जुनी संवय टाकावी आणि टायर थोडे रुंद घ्यावे. साखळी मोजण्यास तर घरांतली शाळेची फूटपट्टी पुरे. बारा जोड्यांची लांबी नेमकी बारा इंच असली पाहिजे. ती इंचाच्या सोळाव्या हिश्शानें वाढली कीं साखळी बदलावी. आठव्या हिश्शापर्यंत थांबल्यास साखळीबरोबर दांत्यांच्या चकत्याही बदलाव्या लागतात, आणि तो खर्च अनेक पट असतो.

शेवटीं सांगाडा. महिन्यांतून एकदां सायकल पुसून स्वच्छ उजेडांत उभी करावी, आणि हँडलखालचे सांधे, पायडलच्या आंसाभोंवतालचे सांधे व मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्यांची मुळें बोटानें व डोळ्यानें तपासावीं. रंगांत केंसाएवढी रेघ दिसली तर ती रंगाची कीं धातूची, हें जाणत्याकडून ठरवून घेईपर्यंत तिच्यावर बसूं नये. रेघ धातूची निघाली तर गांवांतल्या झाळकामवाल्याकडे जाण्यांत अर्थ नाहीं. या सांगाड्याच्या मिश्रधातूला कारखान्यांत भट्टींत तापवून, बुडवून व पुन्हां शेकून जें बळ आणलेलें असतें तें झाळाच्या उष्णतेनें तेथल्या तेथें निघून जातें. सांधा जुळलेला दिसतो आणि त्याच्या शेजारींच नळी तुटते. असा सांगाडा भंगारांत द्यावा. खनिजापासून नवा धातु काढण्यास जेवढी ऊर्जा लागते, तिच्या सुमारें विसाव्या हिश्शांत तो पुन्हां वितळतो, आणि त्याचें एखादें पातेलेंही होऊं शकतें.