सराई, गोठा आणि अतिथि

जळगांवाजवळचें असोदें हें गांव बहिणाबाई चौधरी यांचें जन्मस्थान म्हणून महाराष्ट्रास ठाऊक आहे. १८८० सालीं जन्मलेल्या या कवयित्रीचें तें माहेर. माहेरीं येणें म्हणजे उंबरठा ओलांडून घरांत शिरणें, ही कल्पना आपल्या भाषेंत इतकी रुळली आहे कीं, ज्यास उंबरठा ओलांडतांच येत नाहीं त्या मनुष्याचें काय, हा प्रश्न आम्हांस सहसा सुचत नाहीं. जुन्या दगडी गोठ्याचें किंवा कोठीचें अतिथिगृह करूं इच्छिणारांसाठीं या प्रश्नाचा इतिहास थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

खानदेश हा पूर्वापार वाटसरूंचा मुलूख. सुरतेहून आग्र्यास जाणारा एक मोठा मार्ग बऱ्हाणपुरावरून जात असे. १६०१ सालीं अकबरानें अशीरगड घेतला आणि बऱ्हाणपूर हें मोगलांचें दक्षिणेंतील महत्त्वाचें ठाणें झालें. १६१५ सालीं इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो तेथें उतरला, तेव्हां सराईंत मिळालेल्या खोल्या भट्टीएवढ्याच असल्याची तक्रार त्यानें आपल्या रोजनिशींत लिहून ठेविली आहे. उंट व गाड्या सुखानें आंत याव्यात म्हणून सराईची वेस रुंद, परंतु मनुष्याच्या खोलीचें दार अरुंद व जोतें उंच, असा प्रकार अनेक जुन्या सराया-धर्मशाळांत दिसतो. कारागिराचें कौशल्य कमी होतें असें नव्हे. पंगु वाटसरू त्याच्या डोळ्यांसमोर नव्हता, इतकेंच.

जुन्या वास्तूंत नवी वस्ती करणें हेंही या भागास नवें नाहीं. १८४४ पासून अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करणारा रॉबर्ट गिल अजिंठा गांवांतील जुन्या बारादरींत राहत असे. १८७९ सालीं तो वारला आणि भुसावळास त्याचें दफन झालें. इंग्लंडांत १९६५ सालीं सर जॉन स्मिथ व त्यांच्या पत्नीनें लँडमार्क ट्रस्ट नांवाची संस्था स्थापून पडीक वास्तु दुरुस्त करावयाच्या व पाहुण्यांस राहावयास द्यावयाच्या, असा क्रमच सुरू केला. वास्तु वांचविण्याचा हा उत्तम उपाय होय, कारण वापरांत असलेलें घर सहसा पडत नाहीं.

परंतु येणारा पाहुणा कोण, याचा विचार जगानें उशिरां केला. इमारतींत अपंगांस प्रवेश सुलभ व्हावा म्हणून अमेरिकेंत पहिलें मानक १९६१ सालीं निघालें. आपल्याकडे १९९५ च्या कायद्यानें ही सोय सरकारच्या आर्थिक शक्तीवर सोपविली होती. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमानें तिला हक्काचें रूप दिलें. २०११ च्या शिरगणतींत या देशांत २ कोटी ६८ लाख दिव्यांग मोजले गेले. वार्धक्यानें गुडघे धरलेले आमचे आजी-आजोबा त्यांत बहुधा नाहींत.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं. आमच्या मतें या कामास वाड्याहून गोठाच अधिक सोयीचा. बैलांस पायऱ्या नकोत, म्हणून त्याची जमीन भुईसरपट असते व दार रुंद असतें. मात्र मूत्र वाहून जावें म्हणून दिलेला फरशीचा ढाळ काढून ती सपाट करावी लागते. जोतें दीड फूट असेल तर रॅम्प अठरा फूट लांब हवा, कारण एक फूट चढास बारा फूट लांबी हें प्रमाण आहे. दार सुमारें तीन फूट मोकळें असावें, व चाकांची खुर्ची वळण्यास खोलींत आणि न्हाणीघरांत पांच फुटांचें वर्तुळ राखावें. रॅम्पचा पाया मुरूम लागेपर्यंत न्यावा. काळी माती पावसाळ्यांत फुगते, उन्हाळ्यांत भेगाळते, आणि तिच्यावर नुसता टाकलेला उतार भिंतीपासून सुटतो. जुन्या चुन्याच्या भिंतीस सिमेंटचा गिलावा देऊं नये, त्यानें ओल आंत कोंडते. चुन्याचाच गिलावा द्यावा. जाड दगडी भिंत वैशाखांत जो गारवा देते, तो अशानें टिकतो.

यांत दगड थोडाच हलवावा लागतो. जुनी चौकट अरुंद असेल तर ती तशीच राखून दुसऱ्या बाजूस वाट काढतां येते. मात्र ही मागची वाट केवळ अपंगांची होऊं नये. सर्वच पाहुण्यांनीं तिनें यावें, अशी मांडणी करावी. सराईंत जागा न मिळालेल्या कुटुंबास गोठ्यानें आसरा दिला, ही कथा आमच्या वाचकांस नव्यानें सांगणें नको.

महोत्सवास दूरदूरच्या गांवांहून मंडळी येतात, आणि त्यांत ज्यांनीं आरंभींचे दिवस पाहिले तेच आज काठी टेकीत चालतात. म्हणून ज्यांच्या आवारांत असा गोठा ओस पडला आहे, त्यांनीं गवंड्यास बोलावण्यापूर्वीं अशाच एखाद्या वृद्धास किंवा चाकांच्या खुर्चीवरील गृहस्थास दाराशीं न्यावें, व कोठें अडतें तें त्यांजकडूनच समजून घ्यावें, अशी आमची विनंति आहे.