लाल मातीपासून गादीपर्यंत : कुस्ती स्पर्धेला निघालेल्या पालकांसाठी



शालेय कुस्ती स्पर्धांचा हंगाम आला की वर्गातील दोन-चार मुले हळूच विचारतात, "सर, नाव देऊ का?" त्याच आठवड्यात त्यांचे पालक भेटतात आणि म्हणतात, "सर, यात शिक्षण बुडणार नाही ना? हातपाय मोडणार नाहीत ना?" दोन्ही शंका रास्त आहेत. त्यांची उत्तरे आजच्या स्पर्धेच्या नियमांत जशी आहेत, तशीच आपल्या प्रांताच्या कुस्तीच्या इतिहासातही आहेत. म्हणून प्रथम इतिहासाकडे वळू.

छत्रपती शाहू महाराज १८९४ साली कोल्हापूरच्या गादीवर आले. त्यांच्या आश्रयाने तालमी वाढल्या आणि उत्तरेकडील नामवंत मल्ल कोल्हापुरात येऊ लागले. १९०२ साली युरोपच्या प्रवासात त्यांनी रोमचे प्राचीन क्रीडागार पाहिले होते. पुढे सर्व प्रेक्षकांना आखाडा नीट दिसेल असे उतरत्या बैठकींचे खासबाग मैदान त्यांनी बांधविले. १९१२ साली तेथील पहिली मोठी लढत गामा पहिलवानांचे बंधू इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांच्यात झाली.

आता याच राजाचे दुसरे काम पाहा. १९०६ साली मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी कोल्हापुरात संस्था स्थापन झाली, तिच्यामागे शाहू महाराजच होते. १९१७ साली त्यांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. म्हणजे तालीम आणि शाळा या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने, एकाच काळात उभ्या केल्या. एकीसाठी दुसरी सोडावी असे त्यांना वाटले नाही. आपल्यालाही तसे वाटण्याचे कारण नाही.

त्या काळची कुस्ती निकाली असे. पाठ जमिनीला लागली तरच निकाल. नाही तर पंच कुस्ती बरोबरीत सोडवीत. वेळेचे बंधन बहुधा नसे. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये गामा आणि पोलंडचा झिबिस्को यांची लढत अडीच तासांहून अधिक चालली आणि अनिर्णित राहिली. झिबिस्को फेरलढतीस आलाच नाही, तेव्हा गामा विजयी ठरले. पुढे १९२८ साली पतियाळा येथे दोघे पुन्हा भेटले, तेव्हा गामांनी त्याला एका मिनिटाच्या आत चितपट केले.

मातीवरून गादीवर येताना आपल्या मल्लांना काय सोसावे लागले, हे खाशाबा जाधवांच्या चरित्रातून कळते. कराडजवळच्या गोळेश्वरचे हे खाशाबा १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेले. तेथील गादी आणि गुणांची पद्धत दोन्ही त्यांना नवी होती. तरीही ते सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यास पैसे नव्हते, तेव्हा त्यांच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. तेथे खाशाबांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. परतल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे सामने भरवून ते कर्ज फेडण्यास हातभार लावला. हेलसिंकीत एका दमछाक करणाऱ्या लढतीनंतर त्यांना पुरेशी विश्रांती न देता पुन्हा गादीवर बोलाविले गेले आणि त्यावर हरकत घेण्यास आपला कोणी जाणकार अधिकारी तेथे नव्हता, असे सांगितले जाते. मुलाजवळ नियम जाणणारा वडीलधारा माणूस असणे किती गरजेचे आहे, हे यावरून ध्यानी यावे.

१९६१ पासून महाराष्ट्र केसरी स्पर्धा सुरू झाली. तीत माती आणि गादी असे दोन विभाग असतात व दोन्हींचे विजेते अखेरीस एकमेकांशी लढतात. सोलापूर जिल्ह्यातील बोरामणीच्या शेख कुटुंबाने हा किताब तीनदा मिळविला: इस्माईल शेख यांनी १९८० साली, अप्पालाल शेख यांनी १९९२ साली आणि मुन्नालाल शेख यांनी २००२ साली. २०१८ साली बाला रफिक शेख महाराष्ट्र केसरी झाले. मुलीही मागे नाहीत. २०१६ साली साक्षी मलिक यांनी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकले आणि २०२३ साली सांगलीस झालेल्या पहिल्या महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धेत प्रतीक्षा बागडी विजयी झाल्या.

आता आपण आपल्या पाल्याच्या स्पर्धेकडे येऊ. गावच्या जत्रेत किंवा उरुसाच्या मैदानात लहान मुलांच्या रेवड्यांच्या किंवा नारळाच्या कुस्त्या आपण पाहिल्या असतील. तेथे जोड नजरेने लावतात. शालेय स्पर्धेत मात्र १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट असतात व प्रत्येक गटात वजनाचे भाग असतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी ही चढण आहे. जन्मतारखेचा दाखला व शाळेचे ओळखपत्र आदल्या रात्रीच पिशवीत ठेवा.

दिवसाची सुरुवात वजनाने होते. त्या वेळी नखे कापलेली आहेत का, अंगावर नायट्यासारखा त्वचारोग नाही ना, हेही पाहतात, कारण तो गादीवरून दुसऱ्याला लागतो. नंतर जोड्या ठरतात. मग वाट पाहणे! आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे १५ व १७ वर्षांखालील मुलांची लढत दोन-दोन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची असते, मध्ये तीस सेकंदांची विश्रांती. चार मिनिटांच्या लढतीसाठी सारा दिवस बसावे लागते. यास्तव घरचा डबा आणि भरपूर पाणी बरोबर घ्या.

एक मल्ल लाल पोशाखात, दुसरा निळ्या. प्रतिस्पर्ध्यास खाली आणून ताबा घेतला की दोन गुण, वर्तुळाबाहेर ढकलले की एक गुण, उभ्याने उचलून पाठीवर टाकले की चार गुण, असा साधारण हिशेब असतो. फ्रीस्टाईलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की लढत संपते, आणि दोन्ही खांदे गादीला टेकले की गुण कितीही असोत, लढत तिथेच संपते. चितपटीचा जुना मान गादीनेही राखला आहे.

मुलगा हरला म्हणून लगेच घरी निघू नका. आंतरराष्ट्रीय पद्धत पाळली जाते तेथे, ज्याने आपल्या मुलाला हरविले तो अंतिम फेरीत गेला, तर आपल्या मुलास कांस्यपदकासाठी पुन्हा संधी मिळते. घाईने निघून गेलेल्याचे नाव पुकारले गेले, तर त्याचा उपयोग कोणाला?

सर्वांत महत्त्वाची गोष्ट वजनाची. खालच्या गटात बसविण्यासाठी मुलास उपाशी ठेवणे, पाणी तोडणे, गरम कपडे घालून पळविणे हे प्रकार चालतात. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात अमेरिकेत तीन महाविद्यालयीन मल्ल अशाच वजन उतरविण्याच्या खटाटोपात मरण पावले आणि त्यानंतर तेथील नियम कडक झाले. ७ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम लढतीआधी विनेश फोगट शंभर ग्रॅम वजन जास्त भरल्याने बाद झाल्या. ज्यांच्या दिमतीला तज्ज्ञ असतात त्यांची ही गत, तर आपल्या वाढत्या वयाच्या मुलांनी हा जुगार का खेळावा? उस्ताद कितीही मोठे असोत, "मुलाचे जे वजन आहे त्याच गटात तो लढेल," एवढे त्यांना अदबीने पण ठामपणे सांगा. पदक पुढच्या वर्षीही मिळेल.

इजा होऊ शकते, हे लपविण्यात अर्थ नाही. कान सुजून मोडणे, खांदा किंवा गुडघा दुखावणे हे घडते. मानेला मार लागला, तर मुलास घाईने उचलू नका, डॉक्टरांना येऊ द्या. कडेवरून ओरडून सूचना देऊ नका, ते काम उस्तादांचे. हरलेल्या मुलाला चारचौघांत बोल लावू नका.

राहिली अभ्यासाची शंका. महाराष्ट्रात ठरावीक पातळीपर्यंत खेळलेल्या दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना सवलतीचे गुण देण्याची तरतूद आहे, त्याचे नियम शाळेत विचारून घ्यावेत. परंतु केवळ गुणांसाठी मुलाला आखाड्यात पाठवू नये. पहाटे उठणे, वेळेवर खाणे, व्यसनापासून दूर राहणे आणि हार झाल्यावर प्रतिस्पर्ध्याशी हात मिळविणे, ही तालमीची शिकवण अभ्यासालाही उपयोगी पडते.

विद्यार्थी मित्रांनो, आखाड्यात उतरण्यापूर्वी दप्तर भरून ठेवा. आणि पालकहो, आपले मूल पुढे महाराष्ट्र केसरी होवो अथवा न होवो, तो सबंध दिवस आपण त्याच्याजवळ बसला होता, हे ते विसरणार नाही.