वकील, वकिलीण आणि व्यक्ती

आमच्याकडे निकाहाच्या वेळी वधू आतल्या खोलीत बसलेली असते. तिची संमती विचारायला एक वडीलधारा पुरुष दोन साक्षीदारांना घेऊन आत जातो आणि तिचा होकार बाहेर काझींपर्यंत पोचवतो. त्याला ‘वकील’ म्हणतात. शब्द अरबी, अर्थ, ज्याच्यावर आपले काम भरवशाने सोपवावे तो. मराठीने तो केव्हाच आपलासा केला, त्याला ‘वकिलीण’ अशी जोडही दिली. पण पाटलीण जशी पाटलाची बायको, तशी वकिलीण ही वकिलाची बायको. स्वतः कोर्टात उभी राहणारी बाई त्या शब्दाच्या मनात नव्हती.

कायद्याच्या तरी होती का? वकिलांविषयीच्या 1879 च्या कायद्यात सनद मागणाऱ्यासाठी ‘पर्सन’ असा साधा शब्द होता. पुल्लिंगी शब्दात सामान्यतः स्त्रीही धरावी, असाही कायद्याचा नियम होता. त्या भरवशावर 1916 मध्ये रेजिना गुहा या कायद्याच्या पदवीधर तरुणीने अलीपूरच्या कोर्टात वकिलीसाठी अर्ज केला. कलकत्ता उच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी तो फेटाळला. कायदा केला तेव्हा बायका वकील होतील असे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते, सबब त्या ‘पर्सन’मध्ये बाई बसत नाही! शब्दांशी खेळण्याची मुभा आम्हा कवींना असते. न्यायमूर्तींनी आमच्यावरही ताण केली. मराठीत ‘व्यक्ती’ हा शब्दच स्त्रीलिंगी आहे, उर्दूतला ‘शख्स’ मात्र पुल्लिंगी. निकाल मराठीत लिहायचा असता तर पंचाईतच होती.

खरे तर कायदा जाणणाऱ्या बाईची गरज होती, आणि मोठी होती. बंगाल-बिहारमधल्या जमीनदार घराण्यांतल्या विधवा, हिंदू काय आणि मुसलमान काय, पडद्यात राहत. नावावर मोठी मालमत्ता. पण कागदावर अंगठा घ्यायला आलेला कारभारी पडद्याबाहेर. आत नेमके कोण बसले आहे, तिला मजकूर वाचून दाखवला का, दाखवला तर तो कळला का, याची खात्री कोणी द्यायची? अखेर, पडदानशीन बाईला दस्त नीट समजला होता हे त्याचा फायदा घेणाऱ्यानेच सिद्ध करावे, असा दंडक न्यायालयांना घालावा लागला.

या पडद्याआड पोचल्या कॉर्नेलिया सोराबजी. 1866 मध्ये नाशिकला जन्म, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. 1892 मध्ये त्यांनी ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली. तिथे बायकांना पदव्याच देत नसत. ते दार 1920 मध्ये उघडले. 1904 मध्ये सरकारने त्यांना बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्‌समध्ये नेमले, पण वकील म्हणून नव्हे. पालखी, हत्ती, होडी, मिळेल त्या वाहनाने त्या या राण्यांकडे जात. त्यांच्या पोटगीचे, मुलांच्या शिक्षणाचे, वारशाचे प्रश्न सोडवत. त्यांचे राजकारण मला पटत नाही. त्या इंग्रजी साम्राज्याच्या बाजूच्या, गांधीजींच्या विरोधक. पण ज्या पडद्याने हजारो बायकांना कोंडले, त्यानेच एका बाईला सरकारी हुद्दा मिळवून दिला, हे विसरता येत नाही. बायकांसाठी बाई चालत होती. अडत होते ते भर कोर्टात, पुरुषांसमोर उभे राहण्यापाशी.

1921 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने सोराबजींना सनद दिली. त्याच वर्षी पाटण्याला सुधांशुबाला हाजरा यांचा अर्ज मात्र कलकत्त्याच्याच निकालावर बोट ठेवून नाकारला गेला. एकच देश, एकच कायदा. गंगेच्या प्रवाहाबरोबर थोडे खाली गेले की बाई ‘व्यक्ती’ राहत नसे. पुढे हरिसिंह गौर यांनी कायदेमंडळात हा प्रश्न लावून धरला आणि 1923 मध्ये कायदा झाला : केवळ स्त्री आहे म्हणून कोणी वकिलीला अपात्र ठरणार नाही. रेजिना गुहा तो पाहायला नव्हत्या. 1919 मध्येच त्या वारल्या होत्या.

मुंबई उच्च न्यायालयात पहिल्या बॅरिस्टर बाई आल्या त्या मिठन टाटा, पुढच्या मिठन लाम. साल 1924. त्यांच्या पहिल्या खटल्याची हकीकत अशी सांगतात : अशिलाची बाजू इतकी भक्कम होती की हरण्याची भीतीच नव्हती. मग या नवख्या बाईंना का नेमले? तर प्रतिपक्षाला एका बाईकडून हरल्याची नामुष्की सोसावी लागावी म्हणून.