सहा-अठराचा मागोवा

भोसरी-चाकणच्या टूलरूममध्ये पन्नाशी उलटलेल्या फिटरला व्हर्नियरची रेघ जुळली की नाही हे कळेनासं झालं, की तो आधी ट्यूबलाइटला दोष देतो. पुढे तपासणीत मोतीबिंदू निघतो, ऑपरेशन होतं, घरचे विचारतात, ‘झालं ना नीट?’ किती दिसतं, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं.

हा प्रश्न आकड्यात मांडायला वैद्यकालाही फार वेळ लागला. सुश्रुतसंहितेत मोतीबिंदूवर शलाका वापरायची रीत आहे. पुढे कित्येक शतकं गढूळ भिंग सुईने डोळ्यातच बाजूला ढकलत. १७४७ मध्ये फ्रान्समध्ये जाक दाव्हिएलने ते बाहेरच काढलं. मोजायची पट्टी आली ती १८६२ मध्ये, हॉलंडच्या हर्मन स्नेलेनच्या तक्त्याने. ६/१८ म्हणजे निरोगी डोळ्याला जे अक्षर १८ मीटरवरून ओळखू येतं, ते तुम्हाला ६ मीटरवरून. तक्त्यावरचं सर्वांत वरचं मोठं अक्षर ६/६० चं.

भिंग काढलं तरी त्याची जागा रिकामीच राही. मग दहाच्या आसपास नंबरचा तो जाड चष्मा. आपल्या आज्या-पणज्यांनी तो वापरला. त्यातून वस्तू पाव पटीने मोठ्या दिसत, कडेचं दिसतच नसे, पायरीचा अंदाज चुके. चष्मा फुटला की माणूस पुन्हा आंधळा. १९४९ मध्ये लंडनला हॅरोल्ड रिडली यांनी डोळ्यात कृत्रिम भिंग बसवलं. ते आपल्या गोरगरिबांपर्यंत यायला चार दशकं लागली. १९९२ मध्ये मदुराईत ऑरोलॅब सुरू झाली आणि भिंग स्वस्त झालं.

‘टाक्याचं की बिनटाक्याचं?’ हा आपल्याकडचा नेहमीचा प्रश्न, आणि तो अगदी रास्त आहे. मोठी चीर शिवली की टाक्यांनी बुबुळावरचा पारदर्शक पडदा ओढला जातो आणि आडवा नंबर येतो. याचा हिशोब पुण्यातच मांडला गेला. पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशनच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात डॉ. परीक्षित गोगटे आणि सहकाऱ्यांनी ७४१ रुग्णांवर दोन्ही पद्धती चिठ्ठ्या टाकाव्यात तशा वाटून ताडून पाहिल्या. तो अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा आठवड्यांनी चष्म्याशिवाय ६/१८ किंवा त्याहून चांगलं दिसणारे टाक्याच्या गटात ३७.३ टक्के होते, बिनटाक्याच्या गटात ४७.९. योग्य चष्मा दिल्यावर हेच आकडे ८६.७ आणि ८९.८ झाले.

हे चार आकडे मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाचे वाटतात. डोळा तोच, सर्जन तोच. निम्म्याहून कमी लोकांना नीट दिसत होतं, ते जवळपास नव्वद टक्क्यांना दिसू लागलं, ते एका चष्म्याने. जागतिक आरोग्य संघटनेची जुनी कसोटी अशी, की रुग्णाजवळ असलेल्या चष्म्यानिशी निदान ८० टक्क्यांना ६/१८ दिसावं. चष्मा हातात पडला नाही, तर उत्तम ऑपरेशनही या कसोटीला उतरत नाही.

डॉ. गोगटे यांच्याच चमूने २००५ मध्ये ४०० डोळ्यांवरचा दुसरा अभ्यास छापला: महागड्या यंत्राने होणारी ‘फेको’ शस्त्रक्रिया एका बाजूला, हाताने केलेली बिनटाक्याची शस्त्रक्रिया दुसऱ्या. बिनचष्म्याने ६/१८ किंवा त्याहून चांगलं दिसणारे ८१ टक्के विरुद्ध ७१. चष्म्याने दोन्हीकडे ९८.४. पैसे नाहीत म्हणून साधं ऑपरेशन करून घेणाऱ्या कामगाराला यापेक्षा दिलासा देणारा आकडा कोणता?

आता पट्टी आणखी कडक झाली आहे. परिणामकारक शस्त्रक्रिया मोजताना जागतिक आरोग्य संघटना ६/१२ धरते. आणि तक्ता लांबचंच मोजतो. नेहमीचं भिंग लांबच्या नजरेसाठी बसवतात, तेव्हा व्हर्नियरवरची रेघ वाचायला त्या फिटरला जवळचा चष्मा लागणारच. ऑपरेशन फसलं, असा त्याचा अर्थ नाही.

म्हणून घरात कुणाचं ऑपरेशन झालं असेल, तर सहा आठवड्यांची तपासणी चुकवू नका. कार्डावर दोन आकडे लिहून मागा: बिनचष्म्याने किती, चष्म्याने किती. चष्मा लावूनही ६/१८ येत नसेल, तर काचबिंदू, डोळ्याच्या आतल्या पडद्याचा आजार की भिंगामागची पिशवी धूसर झाली, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. धूसर पिशवीवर लेझरने उपाय होतो.